फक्त तेलामुळे

४ जून

प्रिय मामा,

नमस्कार शेवटी करते, आधी बातमी. माझा प्रोजेक्ट पास झाला! म्हणजे विषय पास झाला, प्रोजेक्ट अजून करायचाय. विषय आहे ‘स्वयंपाकाचं तेल आणि हृदय’. आणि माझा पेशंट कोण, ओळख? तू!

चिडू नकोस, आधी ऐक. आमच्या डाएटेटिक्सच्या वर्गात बाकीच्यांनी शेजारच्या काकू, हॉस्टेलची मेस असे सोपे पेशंट घेतलेत. माझ्याकडे मात्र हृदयात स्प्रिंग बसवलेला, बोगद्याच्या कॅम्पवर एवढ्या कामगारांना जेवू घालणारा, दिवसभर कढईसमोर उभा राहणारा खराखुरा मामा आहे. मॅडम ऐकूनच खूश झाल्या.

आता तुझे गुन्हे. मागच्या सुट्टीत तू फुशारकी मारलीस की तुझ्या कढईचा तळ कॅम्प सुरू झाल्यापासून कुणी बघितलेला नाही. रोज वरून ताजं ओतायचं, खालचं तसंच ठेवायचं, कारण काय, तर जुन्या तेलाशिवाय बटाट्याला रंग येत नाही. मामा, ते तेल नाही, डांबर आहे! तेच तेल पुन्हापुन्हा तापवलं की त्यात नको ते तयार होतं. आणि ते वनस्पती तुपाचे डबे? जे तूप थंडीत दगड होतं, ते आपल्या रक्तवाहिन्यांशी बरं कसं वागेल? (मॅडम म्हणतात हे शास्त्रीय वाक्य नाही. पण कळतं ना?)

तर डबे बंद. त्याऐवजी शेंगदाण्याचं, सूर्यफुलाचं, मोहरीचं, जे ट्रकवर मिळेल ते पातळ तेल. तळणं कमी, तळलं तर ताज्या तेलात, आणि धूर यायच्या आत शेगडी बारीक. लोणी फक्त सणासुदीसारखं, चवीपुरतं. तीन महिन्यांनी रक्त तपासायचं आणि आधीच्या रिपोर्टशी ताडून बघायचं.

एक महत्त्वाचं. मला सगळ्यांसमोर दाखवायचंय की जो फरक पडला तो फक्त तेलामुळे पडला, दुसऱ्या कशामुळेही नाही. नाहीतर मॅडम फाडून खातील. तेवढं सांभाळशील ना?

आई म्हणते, तिच्या भावाला उपाशी मारू नकोस. आता नमस्कार.

तुझी चिमणी

---

१९ जून

चिमणे,

तुझं पत्र बटाट्याच्या पोत्याखाली सापडलं. ट्रकवाला म्हणतो, टपाल वर ठेवलं तर वाऱ्याने उडतं. बरं झालं बाई, इथे फोन लागत नाही ते. फोनवर तू मला असं ‘गुन्हेगार’ म्हणाली असतीस तर मी उलट काहीतरी बोललो असतो. पत्रात निदान एकटाच चरफडलो.

कढई रिकामी केली. तळ दिसला. तुला खोटं वाटेल, पण मला जरा भरून आलं. आमचा भोंगा आहे ना, खडक फोडणारा, ज्याला कुजबुजतानाही ओरडायची सवय, तो दारात उभा राहून म्हणाला, “आचारी, कुणी गेलं का तुमच्याकडचं?” म्हटलं, हो, तुझ्या बटाट्याचा रंग गेला.

पहिले दिवस वाईट गेले. ताज्या तेलात बटाटे पांढरेफटक. एक जण म्हणाला, आजारी आहेत का बटाटे? भाजीत तेल मोजून घातलं तर ताटं तशीच परत आली. मग मी कांदा जास्त परतायला लागलो, लसूण वाढवला, मासे तळायचे ते तव्यावर भाजले. आता ताटं चाटून जातात. पण तोंडाने कोणी चांगलं म्हणत नाही. कामगार आणि जावई, दोघांची जात एकच.

माझं म्हणशील तर तू सांगितलंस तसं सगळं काटेकोर चाललंय. सकाळची माझी भानगडही बंद केली. फक्त तेल, बाकी काही नाही. तुझ्या मॅडमना म्हणावं, फाडून खायला इथे काही मिळणार नाही.

ताईला सांग, तिचा भाऊ उपाशी मरणार नाही, कारण चव बघायच्या नावाखाली तो अर्धं जेवण उभ्यानेच जेवतो.

तुझा मामा

---

२७ जून

माझ्या बेस्ट पेशंटा,

तुझं पत्र मी वर्गात वाचून दाखवलं. “कामगार आणि जावई” ला मॅडमसुद्धा हसल्या!

आणि सकाळची भानगड बंद केलीस? शाब्बास! मला माहीत होतं, तुझा तो नाश्त्याचा तळलेला पाव आणि वर लोण्याचा गोळा हीच खरी आडवी भिंत आहे. ती पाडलीस म्हणजे गड जिंकलास.

फक्त घाबरून सगळंच तेल काढू नकोस हं. हे मी मागच्या वेळी नीट लिहिलं नाही. चरबी म्हणजे विष नाही, शरीराला ती लागते. प्रश्न कुठली आणि किती, एवढाच. घट्ट होणारी कमी, पातळ राहणारी जास्त. मूठभर शेंगदाणे किंवा बदाम खा, मासे खा. आणि ‘चांगलं तेल’ म्हणून वाट्टेल तेवढं ओतू नकोस, कारण वजन वाढवायच्या बाबतीत सगळी तेलं सख्खी भावंडं. अळशीचं तेल कुणी आणून दिलं तर ते तापवायचं नाही, वरून घ्यायचं.

मी स्लाइड्स आत्तापासूनच करायला घेतल्यात. पहिल्या स्लाइडवर मोठ्या अक्षरात: ‘फक्त तेलामुळे’. मॅडमनी तारीखही अलीकडे आणली, त्यामुळे रक्ताचा एक रिपोर्ट मला जुलैतच हवाय. तुमच्या कॅम्पच्या नर्सना, त्या सिस्टरना, सांगशील का?

तुला कसं वाटतंय ते लिही. हलकं वाटतंय ना?

तुझी, आता जवळजवळ शास्त्रज्ञ,
चिमणी

---

२५ जुलै

चिमणे,

उशीर झाला. रस्त्यावर दरड आली होती, ट्रक खालीच अडकला. कॅम्पवर कोबीशिवाय काही उरलं नव्हतं. भोंगा म्हणाला, अजून दोन दिवस कोबी दिलात तर मी बोगदा उलट्या बाजूने खणून घरी जाईन.

रक्त दिलं. सिस्टरनी ते खालच्या गावातल्या लॅबमध्ये पाठवलं. रिपोर्टचं पाकीट माझ्या नावाने आलं, पण मी ते उघडलेलं नाही. सिस्टर म्हणाल्या, बघू तरी. मी म्हटलं, नाही, आधी माझी भाची बघणार. प्रयोग तिचा आहे. तसंच बंद पाकीट यासोबत पाठवतोय. उघडताना पेढा जवळ ठेव. आणि पेढ्यात चरबी असते हे मला लिहून कळवू नकोस.

हलकं वाटतंय का विचारलंस. वाटतंय की. फक्त एक दाढ त्रास देते. विचित्रच दाढ आहे. गोदामापासून स्वयंपाकघरापर्यंतचा चढ चढलो की दुखते, जबड्यापासून खांद्यापर्यंत ओढ लागते. पोत्यावर टेकलो की गप्प. इतकी शिस्तीची दाढ मी जन्मात पाहिली नाही. दरड पूर्ण निघाली की खाली जाऊन उपटून येतो. त्यात तुझ्या तेलाचा काही दोष नाही, स्लाइडवर घालू नकोस.

प्रेझेंटेशन कधी? तारीख नक्की कळव. तोपर्यंत मी माझा शब्द मोडणार नाही.

तुझा मामा

---

१ ऑगस्ट

मामा,

हे पत्र तुला मिळेल तेव्हा मिळेल. मी कंपनीच्या ऑफिसात जाऊन वायरलेसवरून निरोप द्यायला लावलाय: आचाऱ्यांना ताबडतोब डॉक्टरकडे न्या, छातीचा त्रास आहे. ती दाढ नाही. चढावर दुखतं आणि बसलं की थांबतं, ती दाढ नसते. ते हृदय असतं.

आता खरं सांग. पाकीट मी उघडलं. तुझं वाईट कोलेस्टेरॉल आधीपेक्षा दुप्पट झालंय. आधी वाटलं लॅबने नावं बदलली. मग वाटलं कढईचं तू मला खोटंच सांगतोयस. मॅडमना दाखवलं. त्यांनी फक्त एकच विचारलं, “गोळी चालू आहे ना त्यांची?” मी म्हटलं, असणारच. आणि तशीच उठून घरी निघाले.

घरी येऊन तुझं जूनचं पत्र पुन्हा काढलं. “सकाळची माझी भानगडही बंद केली.” मामा, तो पाव नव्हता ना? ती सकाळची गोळी होती ना?

‘फक्त तेलामुळे, दुसऱ्या कशामुळेही नाही’ असं मी लिहिलं, आणि तू ते असं घेतलंस की गोळी घेतली तर माझा हिशोब बिघडेल. माझ्या डोक्यातसुद्धा नव्हतं ते! तेल बदलायचं ते गोळीच्या जोडीला. गोळीच्या जागी नाही, कधीच नाही. तेलाने जो फरक पडतो तो खरा आहे, पण तो थोडा असतो. तुझ्या रक्तात जे आहे त्याला गोळी लागतेच. हे मला पहिल्या वर्षाला शिकवलंय. परीक्षेत लिहून मार्कही मिळवलेत.

अजून एक. वायरलेसवर मी गोळीबद्दल काही बोलले नाही. क्लार्क समोर बसला होता, आणखी तिघं बघत होते. लाज वाटली. तर डॉक्टरांना तू स्वतः सांग, पहिल्या वाक्यात सांग. आणि आजच्या आज गोळी सुरू कर.

रागाव, शिव्या दे, पण सुरू कर.

चिमणी

---

६ ऑगस्ट

ताई,

तुम्ही मामांच्या भाची, मला ओळखत नाही. मी कॅम्पवरची नर्स, सगळे सिस्टर म्हणतात. आचारीमामांचं पत्र लिहायचं सामान माझ्याच कपाटात असतं, म्हणून तुमचा पत्ता मला पाठ आहे.

तुमचा निरोप आला तेव्हा मामा गोदामाच्या चढावर खाली बसलेले होते. कांद्याचं पोतं बाजूला, एक हात जबड्यावर, चेहरा घामाने ओला. भोंग्याने त्यांना उचलून ट्रकमध्ये ठेवलं. ट्रकवाल्याने एवढ्या जपून गाडी याआधी कधी चालवली नसेल. मी सोबत होते. खाली जिल्ह्याच्या हॉस्पिटलमध्ये ईसीजी काढला, तो चांगला नाही. उद्या-परवा वायर घालून तपासणी करतील. आत्ता स्थिर आहेत.

रस्त्यात मी विचारलं, रोजच्या गोळ्या घेता ना? म्हणाले, “सिस्टर, मी स्वयंपाकात मीठ विसरेन, गोळी नाही.” तेवढी तरी काळजी नाही.

तुमचं एक पत्र कालच्या ट्रकने वर गेलंय, असं ट्रकवाला सांगत होता. मी वर परत गेले की पुढच्या फेरीला त्यांच्याकडे खाली पाठवते.

सिस्टर

---

९ ऑगस्ट

चिमणे,

घाबरलीस का गं? वायरलेसवरून असं ओरडतात का? अख्ख्या कॅम्पला कळलं. भोंगा आता मला उचलून ठेवल्याची गोष्ट सगळ्यांना सांगत सुटेल, आणि त्याच्या आवाजात ती तुमच्यापर्यंतही ऐकू येईल.

मी मजेत आहे. खाट खिडकीजवळ मिळाली. जेवण उकडलेलं, बिनतेलाचं, बिनमिठाचं, बिनमायेचं. तुझ्या मॅडमनीच इथे आचारी ठेवलाय की काय?

आता कामाचं. डॉक्टरांनी इथला रक्ताचा रिपोर्ट बघून विचारलं, कोलेस्टेरॉलची गोळी चालू आहे का? मी म्हटलं, रोज, न चुकता. ते डोकं खाजवायला लागले. म्हणाले, मग तुम्हाला ही गोळी लागूच पडत नाही, आता दुसरा मार्ग धरावा लागेल, इंजेक्शनं वगैरे. उद्या मोठ्या डॉक्टरांशी बोलून ठरवतील. ठरवू देत. तू निश्चिंत राहा, तुझं नाव कुठेही येणार नाही. उद्या कुणी म्हणायला नको की डाएटवाल्या भाचीने मामाला आजारी पाडलं.

आणि ऐक. इथली नर्स सकाळी ती गोळी हातावर ठेवून पुढच्या खाटेकडे जाते. बाकीच्या गिळतो, ही एक ओळखून उशीच्या खोळीत टाकतो. प्रेझेंटेशनपर्यंतच. एवढे दिवस पाळलं ते दोन-चार दिवसांसाठी कशाला मोडू?

तारीख कळव म्हटलं होतं, कळवली नाहीस.

तुझा मामा

---

१२ ऑगस्ट
(हॉस्पिटलच्या ईमेलवर)

डॉक्टर, नमस्कार.

मी तुमच्याकडच्या खिडकीजवळच्या खाटेवरच्या पेशंटची भाची. तेच, बोगद्याच्या कॅम्पवरचे आचारी. मी तीनदा फोन केला. काउंटरवर सांगितलं, डॉक्टर राउंडवर आहेत, लिहून पाठवा. म्हणून लिहितेय. काउंटरवर जे कुणी हे आधी उघडेल त्यांनी कृपया आत्ताच डॉक्टरांना दाखवावं, मी पुन्हा फोन करून विचारणार आहे.

माझे मामा कोलेस्टेरॉलची गोळी रोज घेत नव्हते. जूनपासून ती बंद आहे. तुमच्याकडे दाखल झाल्यावरही ते ती घेत नाहीयेत. उशीच्या खोळीत बघा.

ती त्यांनी माझ्यासाठी बंद केली. मी कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी त्यांना तेल बदलायला सांगितलं आणि लिहिलं की फरक फक्त तेलामुळे पडायला हवा. गोळी बंद करा असं मी म्हटलं नव्हतं, पण चालू ठेवा असंही म्हटलं नव्हतं. तुम्हाला ते खोटं बोलले, ते मला वाचवायला. गोळी लागू पडत नाही असं धरून तुम्ही काही ठरवणार असाल तर थांबा. गोळी पोटात गेलेलीच नाही.

त्यांना रागावू नका असं म्हणणार होते. पण रागवा. नुसतं मऊ बोललेलं ते ऐकत नाहीत.

मी आणि आई संध्याकाळपर्यंत पोचतोय. माझा प्रोजेक्ट मी मॅडमना सांगून थांबवलाय, हेही मामांना सांगा. तेच ऐकल्यावर बहुतेक ते गोळी घेतील.

---

१८ ऑगस्ट

चिमणे,

तू आणि ताई काल परत गेलात. इथे असताना मी तुझ्याशी धड बोललो नाही. भिंतीकडे तोंड करून पडलो, हे मला माहीत आहे. समोर बसलेल्या माणसाशी भांडणं मला जमत नाही, म्हणून लिहून भांडतो.

तू मला सगळ्या वॉर्डसमोर उघडं पाडलंस. डॉक्टर आले, उशी उचलली, खोळ झटकली. गोळ्या फरशीवर घरंगळल्या. शेजारच्या खाटेवरचे आजोबा म्हणाले, “अहो, हा तर साठेबाज निघाला!” डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, आम्ही उद्यापासून तुम्हाला भलतीच औषधं सुरू करणार होतो. मी वाकून फरशीवरच्या गोळ्या वेचायला लागलो. या वयात.

राग आला तुझा. अजून आहे. दुसरी स्प्रिंग बसली तरी तो जागचा हलला नाही. तुझं पहिल्या तारखेचं पत्रही सिस्टरनी आता पोचवलं, ते वाचून आणखी आला. एवढं सगळं तुला माहीत होतं, तर आधीच्या पत्रात एक ओळ का नाही लिहिलीस? शेंगदाण्यावर लिहिलंस, अळशीवर लिहिलंस, सगळी तेलं भावंडं म्हणालीस. गोळीवर एक ओळ नाही.

मग माझंही ऐक. ताईला सांगू नकोस. ती दाढ नाही हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. पहिल्या वेळी असंच दुखलं होतं, अगदी याच जागी. तरी तुला दाढ म्हणून लिहिलं. सिस्टरना तेवढंही सांगितलं नाही. चढ चढताना मनात म्हणायचो, पोरीचं होऊ दे, मग बघू. घाबरत होतो गं. पोतं खाली ठेवून बसायचो, आणि कुणी आलं तर कांदे निवडतोय असं दाखवायचो.

मला ना बायको, ना पोर. आयुष्यभर माणसं माझ्या हातचं खाऊन उठून गेली, जेवण कसं झालं हे विचारायला मीच जायचो. मला कसं वाटतंय हे विचारणारी तू एकटी. तू लिहिलंस ‘हलकं वाटतंय ना?’ तर मला जड वाटतंय असं कसं लिहू?

डॉक्टर म्हणतात कॅम्पवर इतक्यात परत जायचं नाही. कढईपाशी कोण उभं आहे कुणास ठाऊक. तेल काळं झालं तरी त्याला कळायचं नाही.

तू प्रोजेक्ट थांबवलास ते मला आवडलं नाही. पुन्हा कर. माझ्यावरच कर, पण या वेळी काय सोडायचं त्याच्या आधी काय सोडायचं नाही ते लिही. कारण तू सांगशील ते मी करणार. उलट विचारणार नाही. माझा स्वभाव आता बदलायचा नाही, तेव्हा लिहिताना तूच जपून लिही.

नर्स आली गोळी घेऊन. आता ही पुढच्या खाटेकडे जात नाही, समोर उभी राहून तोंड उघडायला लावते. आत्ताही उभी आहे. विचारतेय, कुणाला एवढं मोठं लिहिताय?

म्हटलं, थांबा, पाणी द्या आधी.

घेतली.

तुझा मामा